पायावर आला तर सुई

मी शाळेत दुसरीपर्यंत होतो. लिहिण्यात चुका असतील तर छापणाऱ्यांनी त्या सुधाराव्यात, मजकुराला मात्र हात लावू नये. आपल्या चर्चच्या दर नाताळ अंकात शिकलेली माणसं लिहितात आणि बिनशिकलेली स्वतःविषयी छापलेलं वाचतात. यंदा पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, "दानियलमामा, दवाखान्यातलं काहीतरी लिहा, लोकांना धीर येईल असं." मी म्हटलं, लिहितो, पण धीर येईल का नाही ते मी सांगू शकत नाही.

नगरातल्या एका दवाखान्यात मी वॉर्डबॉय होतो. लागलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, सुटलो तेव्हा नातवंडं होती, तरी कागदावर शेवटपर्यंत बॉयच. लोकांना वाटतं वॉर्डबॉय म्हणजे लघवीची भांडी उचलणारा. ती उचललीच, त्याची लाज नाही. पण माझा खरा धंदा माणसं उभी करण्याचा होता. यात मला नगर जिल्ह्यात कुणी गुरू नव्हता आणि चेलाही मिळाला नाही.

पडलेला माणूस उभा करायला जोर लागतो, असं पाहुण्यांना वाटतं. ते काखेत हात घालतात आणि गोणी ओढावी तसं ओढतात. माणूस घाबरतो, मागं रेलतो, आणि दोघंही खाटेवर पडतात. रीत अशी की आधी त्याला खाटेच्या कडेला आणायचं. पाय जमिनीला टेकवायचे, टाचा गुडघ्याच्या आत, खाटेकडं घ्यायच्या. मग म्हणायचं, वाका, नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढं न्या. नाक पुढं गेलं की बूड आपोआप उचलतं. आपण फक्त जवळ असायचं. चालताना कधी पुढून हात धरून ओढायचं नाही. एक पाऊल मागं आणि जरा बाजूला राहायचं, एका हातात स्टूल. दम लागला की स्टूल खाली. त्याला आपण दिसलो नाही पाहिजे, पण आपण आहोत हे त्याला कळलं पाहिजे. एवढीच माझी विद्या.

आता सुईचं सांगतो. आमच्याकडे एक डॉक्टरबाई होत्या, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात शिकून आलेल्या. तोवर नगरच्या माणसाला कॅन्सर झाला की दोनच वाटा, मुंबईला जा नाहीतर घरी जा. बाईंनी आमच्याकडेच काही कॅन्सरांना शिरेतून औषध द्यायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी यायचं, शिरेत सुई, वर गोळ्या. रोगी त्याला नुसतं 'सुई' म्हणायचे. 'सुईवाला' म्हटलं की वॉर्डात सगळ्यांना कळायचं.

सुईनं गाठी विरघळायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ती फुकट काही देत नव्हती. ओकाऱ्या यायच्या, केस जायचे, ते तरण्यालाही. म्हाताऱ्याचं मात्र आणखी एक जायचं, ते म्हणजे पाय. बोटांना आधी मुंग्या येतात. मग बोटं हायेत का न्हाईत तेच कळत नाही. चप्पल पायातून निसटते आणि माणूस तसाच पुढं चालत जातो. म्हणून मी सकाळी वॉर्डात शिरलो की आधी चपला बघायचो. दाराशी एक आणि खाटेपाशी एक अशी जोडी दिसली की समजायचं, याला लागलं. हाताचंही तसंच, धोतराचा कासोटा खोचता येत नाही. आणि गोळ्यांनी मांड्या वितळायच्या. आपल्या माणसाचा सगळा जन्म जमिनीवर जातो. जेवणं जमिनीवर, निजणं जमिनीवर, परसाकडं उकिडवं. उकिडवं बसलेलं उठता येईना की त्याचं सगळंच परस्वाधीन झालं.

म्हणून बाईंचा एक कायदा होता. पायावर आला तर सुई. मी त्यांना एकदा विचारलं, की बाई, जो चालू शकत नाही त्यालाच औषधाची जास्त गरज, मग त्यालाच नाही का म्हणता? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दानियल, हे औषध म्हणजे विष आहे. मोजून दिलेलं विष. जो दिवसभर अंथरुणात आहे त्याला दिलं तर गाठीच्या आधी माणूस जातो. मी गेलेले पाहिलेत." घरी कसा असता, असं विचारलं की सगळे खोटंच सांगतात, हेही त्यांना ठाऊक. म्हणून त्या प्रत्येक सुईवाल्याला एकच विचारायच्या, "कसे आलात?" एसटीनं का टांग्यानं, ते नाही. फाटकापासून माझ्या खुर्चीपर्यंत कसे आलात, ते.

सावेडीच्या अंगाला तेव्हा नुसती शेतं होती, तिकडून एक निवृत्त गुरुजी यायचे. भले माणूस. त्यांनी ठरवलं, सुई घेतली म्हणजे विश्रांती घ्यायची. वर्तमानपत्र निजून, चहा निजून, सुना पाय चेपायला. मी उठवायला गेलो की म्हणायचे, "अरे, शरीराला आराम नको का?" गाठ गेली गुरुजींची. बाईंनी हात लावून पाहिलं, खरंच नव्हती. पण पडून पडून छातीत कफ भरला आणि त्यात गुरुजी गेले. आणि बायकांच्या वॉर्डात एक राहुरीची म्हातारी होती, तिनं भांडं घ्यायला साफ नकार दिला. "मांजर बी घराबाहेर जातं, मी खाटंवर करू व्हय?" असं म्हणून भिंत धरून, सगळ्या जगाला शिव्या देत ती अंगणापलीकडच्या संडासला जायची. ती पुढं कित्येक वर्षं पेरू घेऊन भेटायला येत होती. पेरू आंबट असायचे.

पण मला लिहायचंय ते गेनबांविषयी.

बहात्तरच्या दुष्काळात गेनबा आमच्याकडे आले. कर्जतच्या बाजूची एक वाडी. वय सत्तरीच्या आसपास, नक्की त्यांनाही ठाऊक नव्हतं. गळ्याला, काखेत लिंबाएवढ्या गाठी. अंगानं हडकुळे, पण ताठ. पहिल्या खेपेला स्टँडवरून चालत आले. बाईंनी विचारलं, कसे आलात, तर म्हणाले, "कसा येनार? देवानं पाय दिल्यात." सुई घेतली, गोळ्या घेतल्या, गेले.

दुसऱ्या खेपेला ते पोराच्या पाठुंगळी आले. दोन मुलगे होते, थोरला मारुती आणि धाकटा दशरथ. दशरथ तालमीतला गडी, मान म्हणजे खांब. बापाला पाठीवर घेऊन फाटकातून असा आला, जशी पालखीच आणतोय. मागून मारुती, हातात बापाच्या चपला. बाकावरचे लोक उठून बघायला लागले. एक बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पोरं असावीत तर अशी." दशरथची छाती आणखी फुगली.

बाईंनी विचारलं, "कसे आलात?"

गेनबांनी तोंड उघडायच्या आत दशरथच म्हणाला, "मी आनलं. घरी बी भुईला पाय लावू देत न्हाई आमी. परसाकडंला मी नेतो, आंघोळ दादा घालतो, घास वयनी भरवती."

बाईंनी कपाळाला हात लावला. गाठी निम्म्या झाल्या होत्या, औषध लागू पडत होतं. त्या म्हणाल्या, "या वेळी देते. पण आठ दिवस इथंच ठेवा. आणि पुढच्या वेळी आबा स्वतः चालत आले तरच देईन, नाहीतर नाही."

मुलांना हे पटेना. बाहेर व्हरांड्यात दशरथ माझ्यावरच आला. "आजारी बापाला चालवायचं? गावात तोंड दाखवता येईल का? लोक म्हनतील, दोन पोरं असून म्हातारा फरपटत गेला."

मी म्हटलं, "आईबापाला कावडीत घालून यात्रेला नेणाऱ्या पोराची गोष्ट तुमीच सांगता ना? त्याचे आईबाप आंधळे हुते. म्हनून कावड. तुमच्या बापाला डोळं हायेत, पाय हायेत. अशी सेवा केली तर महिन्याभरात पाय ऱ्हानार न्हाईत."

"तू कोन शिकवनार आमाला?" दशरथ म्हणाला. मारुतीनं त्याला मागं ओढलं.

त्यांना राहायचं होतं, पण राहता येईना. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं होतं, हजेरी चुकली की त्या दिवसाचं गेलं. दोघंही दुसऱ्या सकाळी परत गेले. जाताना दशरथनं बापाचं डोकं उशीवर नीट ठेवलं आणि मला म्हणाला, "काय लागलं तर उचलून ने. टाकू नको."

मी खाटेजवळ गेलो. गेनबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, "नाव काय?"

"दानियल."

"किरिस्ताव का? आन् आधीचं?"

मी आधीचं सांगितलं. आजोबांची वाडी सांगितली, वाडीतलं आमचं घर गावाच्या कुठल्या बाजूला होतं तेही सांगितलं. लपवायचं कारण नव्हतं. ते म्हणाले, "मग हात लावू नको."

 हे मला नवीन नव्हतं. गंमत एवढीच, की दर सकाळी त्यांना इंजेक्शन देणारी, ताप बघणारी, तोंडात गोळी घालणारी जी नर्स होती, ती माझी सख्खी चुलतबहीण. एकाच ओट्यावर वाढलेलो आम्ही. पण तिच्या अंगावर पांढरे कपडे होते आणि माझ्या अंगावर खाकी. तिला ते "मायबाई" म्हणायचे. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "सांगू का यांना मी कोन ते?" मी म्हटलं, अजिबात नको, मग तुझ्या हातची गोळीही घेणार नाही म्हातारा. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, दुसऱ्या माणसाला देते तो वॉर्ड. मी नाही म्हटलं. माझाही एक हट्ट असतो. हा माणूस मीच चालवणार.

तासाभरानं गेनबा चुळबुळ करायला लागले. मी भांडं आणलं. "ते घेऊन जा." मी म्हटलं, मग संडासला चला, अंगणापलीकडं हाय, मी धरतो. आणि हात पुढं केला.

ते हाताकडं बघत बसले. मग कडेला सरकले. आमच्या लोखंडी खाटा उंच, त्यांचे पाय लोंबकळायला लागले. मी पायाखाली दोन विटा सरकवल्या आणि लांबूनच म्हटलं, "टाचा आत घ्या. वाका. नाक पुढं." त्यांनी दात आवळून तसं केलं आणि उभे राहिले. थरथरत होते, पण उभे होते. पोरानं भुईला टेकू न दिलेले पाय. मी मागं स्टूल घेऊन निघालो. म्हातारा भिंत धरून अंगण ओलांडून गेला, दोनदा स्टुलावर बसला, आणि आला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हात पुढं केला की हा माणूस उठतो. तो हात टाळण्यासाठी उठतो. मग मी दिवसभर हात पुढं करायला लागलो. जेवायला हात, तोंड धुवायला हात. चुलतबहीण मला म्हणाली, "तू खेळ मांडलायस." खेळ नव्हता तो. अपमान तर अपमान, कामाला येत होता ना? आमच्या धंद्यात ज्याला जे हलवतं ते वापरायचं. कुणी नातवासाठी उठतं, कुणी बिडीसाठी. हे माझ्यामुळं उठत होते.

पण भिंत संपली की पुढं अंगण मोकळं होतं आणि तिथं ते हेलकावे खायचे. पडले असते तर खुबा मोडला असता, मग सुई कसली अन् काय. मी म्हटलं, "पाटील, अंगनात तरी धरू द्या."

त्यांनी आधी मोकळ्या अंगणाकडं पाहिलं. मग म्हणाले, "माझी घोंगडी आन." आणली. ती त्यांनी लांब घडी करून कमरेभोवती गुंडाळली, मागं पीळ दिला, आणि मागं न बघता म्हणाले, "घोंगडीला इटाळ न्हाई. लोकर हाय. टोक धर."

तुमच्यापैकी तरुणांना हे ठाऊक नसेल. सुती कापडाला शिवाशिव लागते, लोकरीला लागत नाही, असं जुनी माणसं मानायची. कुणी ठरवलं देव जाणे. पण त्यांनी वाट काढली आणि ती वाट माझ्या धंद्याला अशी चपखल बसली, की पुढं मी सगळ्या सुईवाल्यांच्या कमरेला चादरीचा पट्टा बांधायला लागलो. माणूस कोसळायला लागला की काखेत पकडायला उशीर होतो. कमर हातात असली की अर्ध्या पडण्यातच सावरता येतो. आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणजे चालल्यासारखं चालतो.

मग रोज सकाळी आणि उन्हं उतरल्यावर आमची वरात निघायची. पुढं गेनबा, मागं घोंगडीचं टोक धरून मी, दुसऱ्या हातात स्टूल. वॉर्डातले टवाळ म्हणायचे, "मामा, बैल चांगला मिळाला." गेनबा मागं न बघता म्हणायचे, "बैलाच्या मागं कोन असतं ते बघा आधी."

बोलायला लागले हळूहळू. मुलांविषयी बोलायचे. "दशरथ चांगला हाय, पन ऐकत न्हाई. म्या म्हनलं, मला उतर, तर म्हनतो, आबा, लोक बघत्यात. लोकांसाठी मला उचलतुया." एकदा म्हणाले, "तुझं बरं हाय. तुला कोन काय म्हननार." मी म्हटलं, "मला रोज कोनतरी काय तरी म्हनतंच, पाटील. तुमीच म्हनला की." ते स्टुलावर बसून राहिले आणि नंतर फक्त म्हणाले, "चल."

ते घरी गेले तेव्हा मी दोन्ही मुलांना घोंगडीची रीत दाखवली. मारुतीनं नीट बघून घेतली. दशरथ बाजूला तोंड करून उभा होता.

पुढच्या खेपेला मी फाटकाशीच उभा होतो, ते काही माझं काम नव्हतं. टांगा थांबला. गेनबा उतरले, कमरेला घोंगडी, टोक मारुतीच्या हातात. मला बघितल्यावर मारुतीकडून टोक काढून घेतलं आणि माझ्याकडं टाकलं. असे आम्ही बाईंच्या दारात गेलो. दशरथ मागं होता, मान खाली. एसटीत कुणीतरी त्याला म्हटलं होतं, एवढा पैलवान आणि बाप दोरीला बांधून नेतोस?

"कसे आलात?"

"ह्या पायानं," गेनबा म्हणाले. गाठी जवळजवळ नव्हत्या. त्या दिवशी मी घरी जाताना मटण घेऊन गेलो.

असं आणखी एकदोनदा झालं. पण मी चपला बघत होतो. गेनबांची डावी चप्पल आता अंगणातच राहायची आणि त्यांना कळायचं नाही. पाऊल आपटत टाकायला लागले, घोड्यासारखं. मी बाईंना सांगितलं, त्यांनाही दिसत होतंच. त्यांनी औषध कमी केलं. कमी केलं तर गळ्याला पुन्हा एक गाठ हाताला लागली. वाढवलं तर पाय जाणार, कमी केलं तर गाठ येणार. बाई खिडकीबाहेर बघत बसलेल्या मी त्या दिवशी पाहिल्या. 

मग शेवटची खेप.

टांगा फाटकाशी आला आणि दशरथनं बापाला पाठीवर घेतलं. घोंगडी नव्हती. एसटीत ओकारी होऊन ती भरली, ती वाटेत टाकावी लागली. गेनबांचं तोंड एवढंसं झालं होतं. गळ्यावर गाठी पुन्हा आल्या होत्या, लिंबाएवढ्या नाही, पण होत्या. मी स्टूल घेऊन पुढं झालो.

"उतर मला," गेनबा म्हणाले.

"आबा, दारापातूर नेतो. तिथनं चाला," दशरथ म्हणाला.

"उतर म्हनलं ना."

त्यानं उतरवलं. गेनबा टांग्याचा दांडा धरून उभे राहिले. मी सवयीनं हात पुढं केला, रोज करत होतो तसाच, ते टाळतील म्हणून. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि धरला.

मला काय वाटलं ते खरं लिहितो. आनंद झाला नाही. इतके दिवस त्या माणसानं माझा हात झिडकारला की मला कळायचं, याच्यात अजून दम आहे. आता त्यानं हात धरला होता. गार हात होता आणि सगळा भार माझ्यावर होता. दोन पावलांत गुडघा वाकला. मी स्टूल मारुतीकडं दिलं, दुसरा हात कमरेत घातला, त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला. असे आम्ही निघालो. ते पाय टाकत होते, पण चालत होतो तो मी. बाकावर कर्जतच्या बाजूची माणसं बसलेली होती. त्यांनी पाहिलं. गेनबांनीही त्यांना पाहिलं.

बाईंच्या दाराशी मी त्यांना हळूच सोडून सरळ केलं. मनात उत्तर तयार होतं. बाईंनी विचारलं की मीच म्हणणार होतो, चालत आले. दशरथ माझ्याकडं बघून मान हलवत होता, म्हणजे तेच सांग. मला एवढंच दिसत होतं की सुई नाही मिळाली तर हा माणूस जाणार.

बाईंनी विचारलं, "कसे आलात, आबा?"

मी तोंड उघडलं, पण गेनबा आधी बोलले. "ह्यानं आनलं. ह्याच्या गळ्यात पडून आलो. माझं पाय संपलं, बाई."

दशरथ म्हणाला, "आबा, असं काय बोलता? चालत आलं बाई, मामाला इचारा."

बाईंनी मला विचारलं नाही. त्यांनी गेनबांना खुर्चीवर बसवलं, पाय मांडीवर घेऊन तळव्याला बोट लावून पाहिलं. डोळे मिटायला सांगितले, अंगठा वर केला, खाली केला, विचारलं, कुठं आहे. त्यांना सांगता येईना. बाईंनी ट्रेवरचं औषध उघडलंच नाही. म्हणाल्या, "आता मी हे दिलं तर माझ्या हातानं तुम्हाला मारल्यासारखं होईल. दुखू नये म्हणून औषध देते. घरी जा, आबा. जे आवडतं ते खा."

"किती दीस?" त्यांनी विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. खरंच नाही."

गेनबांनी मान डोलावली, बाजारात भाव पटल्यासारखी. मारुती तोंडावर उपरणं धरून बाहेर गेला. दशरथ खुर्चीपुढं पाठ करून वाकला. "चला आबा."

"न्हाई."

"आता कशाला चालायचं? सुई तर बंद झाली."

"सुईसाठी चालत हुतो व्हय मी?" गेनबा म्हणाले आणि माझ्याकडं हात केला.

हे वाक्य मला लागलं. पायावर आला तर सुई, हा कायदा बाईंचा होता, पण वॉर्डात तो फिरवणारा मी. प्रत्येकाला मी तेच सांगायचो, उठा, नाहीतर सुई नाही. जणू चालणं म्हणजे सुईचं भाडं. पुढं मी ते सांगायचं सोडून दिलं. नुसतं म्हणायचो, उठा.

परत फाटकापर्यंत जायला आम्हाला फार वेळ लागला. मध्ये मारुतीनं ठेवलेल्या स्टुलावर बसलो, म्हणजे ते बसले, मी उभा. बाकावरची माणसं अजून बघत होती. टांग्याशी आल्यावर दशरथ खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, घरी गेल्यावर आंघोळीला पानी ठेवतो."

"सकाळी केलीया की," गेनबा म्हणाले. "दुस्काळात पानी लई झालं का?"

आणि माझ्या खांद्यावर भार देऊन टांग्यात चढले. टांगा निघाला तेव्हा मागं बघितलं नाही त्यांनी. मीही हात वगैरे केला नाही.

पाऊस होऊन गेल्यावर, बाजरी निसवायच्या सुमाराला, दशरथ एकटा दवाखान्यात आला. डोकं तासलेलं. मला समजलं. चहा घेतला आम्ही बाहेरच्या टपरीवर. बराच वेळ तो पाऊसपाण्याचं बोलत होता. मग म्हणाला, "शेवटचा आठवडा सोडला तर रोज उठले. दारातल्या लिंबापातूर. मी मागं घोंगडीचं टोक धरून, नवी घेतली. पाय निस्तं घासत जायचं, झाडाला हात लावायचा आन् माघारी."

मी विचारलं, "गावातली लोकं?"

"लई बोलली, मामा. म्हनली, मरत्या बापाला वढतुया. पाव्हनंरावळं बी बोलली." त्यानं कप खाली ठेवला. "ऐकून घेतलं."